तिसऱ्या पाळीची उधारीची वही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

31 मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन झाला. त्या दिवशी आमच्या भागातल्या एका कारखान्यात सकाळी अकरा वाजता कामगारांना शपथ दिली, गेटवर फलक लावला. चांगलंच केलं. पण ज्यांना त्या शपथेची सगळ्यांत जास्त गरज होती, ती माणसं त्या वेळी घरी पत्र्याखाली झोप लागायची वाट बघत पडली होती. ती नाईट करून सकाळी सातला सुटली होती. मला हे माहीत आहे, कारण सुटल्यावर ती माझ्याकडे चहा पिऊन घरी गेली. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला, लोटे परशुरामच्या कारखान्यांपासून चालत दहा मिनिटांवर माझी टपरी आहे. गेली अकरा वर्षं ती रात्रभर उघडी असते.

माझ्याकडे उधारीच्या वह्या आहेत. पगार झाला की हिशेब होतो, पण जुन्या वह्या मी टाकत नाही. पाळी आठवड्याने बदलते, त्यामुळे एकाच माणसाची दिवसपाळी आणि रात्रपाळी एकाखाली एक लिहिलेली असते. दिवसपाळीच्या आठवड्यात चहा एक, फार तर दोन, कधी पोहे. तोच माणूस नाईटला आला की चहा चार, वडापाव दोन, तंबाखूची पुडी, खारी, परत पुडी. पुढच्या सोमवारी पाळी बदलली की वही पुन्हा चहा एकवर येते. एकदोघांचं नाही, पानांमागून पानं असंच आहे. म्हणून ‘या लोकांना व्यसनच हवं असतं’ असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की मला राग येतो.

हे लोक बिडी-सिगारेट फारशी ओढत नाहीत, तंबाखू चघळतात. त्याचं कारण गेटवर आहे. रासायनिक कारखान्यात आत जाताना काडेपेटी, लायटर काढून घेतात, आणि ते योग्यच आहे, सॉल्व्हंटच्या वाफेला एक ठिणगी पुरते. पण आत बॅच चालू असते, तापमान बघून लॉगशीटवर आकडे लिहायचे असतात, डुलकी लागली तर अपघात. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सगळ्यांत खाली येतं आणि डोळे मिटायला लागतात. अशा वेळी गालात धरलेली चिमूट माणसाला झटका देऊन जागं करते. निकोटिनचा निम्मा असर दोनेक तासांत उतरतो, मग दुसरी चिमूट. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे, त्याची जागा माव्याने घेतली. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकमध्ये घालून चोळायचं. खिशात मावतं, धूर नाही, वास नाही.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते. तीन वाजून गेले असतील. एक ऑपरेटर गेटवर सही करून अर्ध्या तासासाठी बाहेर आला. चाळिशीच्या आतला माणूस, नाव लिहीत नाही. बाकावर बसला, डबा उघडला. घरून रात्री नऊला निघताना बायकोने दिलेली तांदळाची भाकरी वाळून वातड झालेली, कालवणाला आंबूस वास. त्याने झाकण लावलं आणि डबा बाजूला सरकवला. म्हणाला, “वहिनी, वडा द्या. मिरची नको.” हा माणूस मिरची मागून घेणारा. मी बघत राहिले. त्याने वडा कुस्करला, पाव चहात बुडवला आणि बोटाने एकेक तुकडा तोंडात सारायला लागला.

“भाऊ, दाढ दुखते काय?”

“नाय वहिनी. तोंडच उघडत नाय पुरतं. तिखट लागलं की आग होते.”

माझी मुलगी नर्स आहे. तिने मला एकदा दाखवलं होतं, धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. मी त्याला तसं करायला सांगितलं. त्याची दोन बोटं कशीबशी गेली. मुलीने नंतर समजावलं की सुपारीने गालाच्या आतली कातडी जाड होते, तिचे पट्टे बनतात, आणि खाणं सोडलं तरी तो ताठरपणा पुरता जात नाही. डॉक्टर याला कॅन्सरच्या आधीची पायरी मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर 2004 मध्ये नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू न घालता, कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरली.

ती सुपारी आणि तो तंबाखू त्याने माझ्याकडून घेतला होता. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. दुसऱ्या दिवसापासून मी दोन्ही ठेवणं बंद केलं. महिन्याच्या मिळकतीत चांगलाच खड्डा पडला, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या डब्याबद्दल.

कारखान्यात आग चालत नाही, म्हणून डबा गरम करता येत नाही. कॅन्टीन आहे, पण ते रात्री नऊला बंद होतं. ठेकेदाराच्या माणसांना तर ते दिवसाही आपलं वाटत नाही. मग घरचं अन्न कुत्र्याला जातं आणि माणूस पहाटे तीनला तळलेलं खातो. 1948 च्या कारखाने कायद्यात 250 पेक्षा जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीनची तरतूद घातली गेली. 2020 च्या नव्या कामगार संहितेने तो आकडा 100 वर आणला आणि त्यात ठेकेदाराची माणसंही धरली. पाच तास सलग कामानंतर अर्धा तास विश्रांती हेही 1948 पासूनचं आहे. कायद्याला रात्र आणि दिवस सारखेच आहेत. कॅन्टीनच्या कुलपाला मात्र नाहीत.

सकाळची गोष्ट याहून वाईट आहे, आणि ती घरात घडते म्हणून कुणाला दिसत नाही. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंमल पाच-सहा तास राहतो. पहाटे चारला घेतलेला कडक चहा सकाळी नऊला, माणूस आडवा होतो तेव्हा, अजून अंगात असतो. वर पत्रा तापलेला, पोरांची शाळेची गडबड, मे महिन्यात शेजारी लग्नाचा स्पीकर. झोप येत नाही. मग आदल्या दिवशी आणून ठेवलेली क्वार्टर निघते. ‘नुसती झोपेपुरती’ हा शब्द मी किती बायकांच्या तोंडून ऐकलाय. दारूने डोळा लागतो हे खरं, पण अंमल उतरू लागला की झोप मोडते. बाराला-एकला माणूस घामाघूम होऊन उठतो, डोकं जड, जेवायची इच्छा नाही, पित्ताची गोळी घेतो. रात्री परत कामावर, कालच्यापेक्षा जास्त पेंगुळलेला, आणि पुडी कालपेक्षा लवकर निघते. तंबाखू, चहा, दारू, वडा ही चार वेगवेगळी व्यसनं धरून चार वेगवेगळी भाषणं करण्यात अर्थ नाही. एकच अपुरी झोप त्या चौघांच्या मुळाशी आहे.

अपुऱ्या झोपेने भूकही बिघडते. भूक लावणारं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याची जाणीव देणारं घटतं, आणि मन तळलेल्या-गोडाकडे धावतं. माझी मुलगी स्वतः नाईट करते. वॉर्डात पहाटे चारला चहाबरोबर बिस्किटांचा पुडा संपतो, हे तिनेच सांगितलं. रात्री शरीर झोपेच्या तयारीत असतं, तेव्हा खाल्लेल्याची साखर आवरायला इन्सुलिन कमी पडतं. अमेरिकेत बोस्टनला 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 19 तरुण स्त्री-पुरुषांना दोन आठवडे प्रयोगशाळेत ठेवून रात्रपाळीसारखं जागवलं. जे रात्रीही जेवले त्यांची रक्तातली साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली. जे फक्त दिवसा जेवले त्यांची लक्षणीय वाढली नाही. माणसं थोडी आहेत हे मला कळतं, पण आमच्या भागात नाईट करणाऱ्या घरांत साखरेच्या गोळ्या किती आल्यात ते बघते, तेव्हा मला हे खोटं वाटत नाही.

हे वाचून मी स्वतःच अडखळले होते. रात्री खाणंच वाईट, तर रात्रीचं कॅन्टीन कशाला मागायचं? पण रिकाम्या पोटी आठ तास उभं राहा, असं रासायनिक कारखान्यातल्या हेल्परला सांगणारी मी कोण? मुख्य जेवण कामावर यायच्या आधी, घरी, गरम. मध्यरात्रीच्या सुमाराला थोडंसं हलकं आणि ऊन काहीतरी. दोन ते पाच शक्यतो काही नाही. सकाळी झोपण्याआधी हलकी न्याहारी. एवढं जमलं तरी पुष्कळ.

माझं माहेर हर्णैचं. भाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे, तोही रात्री जागतो, आणि एक जूनला मासेमारीची बंदी लागेपर्यंत त्यालाही धड झोप नाही. बोटीवर तंबाखू आहे, किनाऱ्यावर आल्यावर दारूही आहे, मी त्यांना सज्जन ठरवत नाही. आमची आई पहाटे लिलावाला निघायची तीसुद्धा मिश्री लावल्याशिवाय घराबाहेर पडली नाही. पण बोटीवर जाळं ओढून झालं की गरम भात आणि ताज्या मासळीचं कालवण सगळ्यांना एका ताटात मिळतं, मग आळीपाळीने पाठ टेकता येते. भर समुद्रात डुलणाऱ्या लाकडी बोटीवर जे जमतं ते पक्क्या इमारतीत का जमू नये, हा माझा सरळ प्रश्न आहे.

पुडी बंद केल्यावर मी नाचणीची आंबील, उकडलेली अंडी आणि उसळ ठेवायला लागले. पहिला महिना आंबीलीचं पातेलं जवळजवळ तसंच्या तसं घरी नेलं. आता संपतं. मी एकटी बाई, एक स्टोव्ह. कारखान्यांनी मनावर घेतलं तर काय होईल? रात्री बारा ते एक कॅन्टीन उघडं ठेवा, निदान डबे गरम करायला ऑफिसच्या बाजूला सुरक्षित जागेत एक विजेचं यंत्र ठेवा. पहाटे आळीपाळीने वीस मिनिटं पडायला बाकडं द्या. वर्षातून एकदा तपासणी होते तेव्हा वजन आणि रक्तदाबाबरोबर तोंडही उघडून बघा, तीन बोटांना किती वेळ लागतो? आणि पुढच्या 31 मेला शपथ रात्री, तिसरी पाळी आत शिरताना द्या. तंबाखू सोडायला मदत करणारा 1800-11-2356 हा मोफत क्रमांक फलकाऐवजी डब्यांच्या खोलीत लिहा. दारूसाठी 14446 आहे. हे दोन्ही मी टपरीच्या फळीवर खडूने लिहिलेत.

त्या ऑपरेटरला चिपळूणला दाखवलं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून तोंड ताणायचा व्यायाम दिला. सुरुवातीला बारा काड्या जायच्या, आता चौदा जातात. मागच्या आठवड्यात त्याची नाईट होती. वहीत आंबील एक, अंडं एक, चहा दोन असं सोमवारपासून गुरुवारपर्यंत आहे. शुक्रवारी पुडी आहे. ती त्याने पुढच्या टपरीवरून घेतली होती, पण सकाळी येऊन मला सांगितली, म्हणून मी लिहून ठेवली. पैशाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

आपली नम्र,
एक वाचक, ता. खेड, जि. रत्नागिरी