पत्र: जाळ्यांच्या पडवीतून

रत्नागिरी जिल्हा,
आषाढ महिना

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

शिमग्याला आला होतास तेव्हा बंदरावरच्या त्या तरण्या खलाशाविषयी तू विचारलेस आणि मी विषय टाळला, याची रुखरुख आजवर राहिली आहे. 1 जूनपासून मासेमारीची बंदी लागली, होड्या शाकारून झाल्या, तेव्हा सवडीने सगळे लिहितो.

त्या मुलाच्या व्यसनाची सुरुवात दारूने किंवा गर्दने झाली नाही. ती कंबरदुखीने झाली. जाळे ओढताना कंबर धरली, कोणीतरी ट्रॅमाडॉल या अफूच्या जातीच्या वेदनाशामकाच्या कॅप्सूल हातावर ठेवल्या, आणि दुखणे थांबले तरी कॅप्सूल थांबल्या नाहीत. हे औषध 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेले असूनही एका दुकानातून त्याला चिठ्ठीशिवाय ते महिनोन्महिने मिळत राहिले. त्या दुकानदाराशी मी भांडलो आणि अजूनही बोलत नाही. गोळी चुकली की नाक वाहायचे, जांभयांमागून जांभया यायच्या, पोटात मुरडा, अंगावर काटा, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. व्यसनातून गेलेली माणसे याला ‘टर्की’ म्हणतात. आम्ही त्याला कामचुकारपणा म्हणत होतो.

गावकीच्या बैठकीत एकाने सरळ सुचवले की त्या घराला वाळीत टाकावे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली कायदा केला आहे, हे एका तांडेलाने उठून सांगितले म्हणून तो विषय तिथेच थांबला. मी मात्र, इतकी वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवूनही, गप्प बसलो होतो. तुझ्याजवळ हे कबूल करायला हवे.

आईवडिलांना खरी भीती पोलिसांची होती. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम 64-अ अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे, हे समजल्यावरच ते त्याला डॉक्टरांकडे न्यायला राजी झाले.

त्यानंतर आम्ही देवळाच्या सभामंडपात बोलण्यासाठी बैठक ठेवली आणि ती साफ फसली. सगळ्या गावाच्या देखत स्वतःच्या घरातले दुखणे कोण सांगणार? पण बंदीत जाळी दुरुस्त करायला बसतात त्या पडवीत गोष्ट वेगळी होते; हात आणि नजर जाळ्यात गुंतलेली असली की माणूस हळूहळू बोलू लागतो. तिथे एकाने झोप येत नसल्याचे सांगितले, दुसऱ्याने कर्जाचे, आणि एका पोक्त माणसाने, मुलगा समुद्रात गेल्यापासून जगण्यात राम उरला नसल्याचे. पडवीच्या खांबावर आता टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रंगवला आहे. मराठीतूनही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. अवचट दांपत्याने 1986 साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही बसवून बोलते करतात, हे ऐकून बायकांची बैठक आम्ही वेगळी सुरू केली. ती आमच्यापेक्षा नेटाने चालते.

मुलगा उपचार घेऊन परतला आणि दीड महिन्यात घसरला. डॉक्टरांनी आधीच बजावले होते की मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. म्हणून ओठ निळे पडले, हाक मारून जाग येईना, श्वास घोगरा किंवा तुटक झाला, तर कुशीवर वळवून ताबडतोब 108 ला फोन करायचा, हे आम्ही त्याच्या भावाला आणि शेजाऱ्यांना पाठ करून दिले होते. त्या रात्री भावाने तेच केले. मुलगा वाचला आणि पुन्हा डॉक्टरांनी दिलेल्या व्यसनमुक्तीच्या औषधावर आहे. ते किती दिवस चालेल हे डॉक्टर ठरवतील, आणि तो गोळ्या घेतो म्हणजे अजून व्यसनीच आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालतो. एक मात्र जपून बोलावे लागते: कर्करोगाच्या असह्य वेदनेत त्याच अफूच्या जातीचे मॉर्फिन लागतेच, आणि आमच्या सांगण्याने एखाद्या आजीचे औषध घरच्यांनी बंद करावे, असे होता कामा नये.

गणपतीला येशील तेव्हा त्याला तब्येतीविषयी विचारू नकोस. आरतीला झांजा त्याच्या हाती दे, पूर्वी देत होतास तशा. आणि शक्य झाले तर दोन दिवस आधी ये. पडवीत बसायला चाकरमान्यांपैकी कोणी येत नाही, आणि मुंबईत एकट्या खोलीवर राहणाऱ्या आपल्या मुलांविषयी काय करावे, हे मला तुझ्याकडूनच समजून घ्यायचे आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बालमित्र