सुरक्षा, पण कोणती?

महोदय,

दर वर्षी ४ मार्चला भोसरी-चाकणच्या कारखान्यांवर ‘राष्ट्रीय सुरक्षा दिना’चे फलक झळकतात. ते वाचून एखाद्याला सीमेवरचे जवान आठवले, तर त्याचे काय चुकले? हा दिवस अपघात टाळण्याचा. तो पाळायला लावणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था राष्ट्रीय सुरक्षा परिषद. आणि पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या संरक्षणाचा विचार करणारी, तीही राष्ट्रीय सुरक्षा परिषदच! इंग्रजीत एक सेफ्टीची, दुसरी सिक्युरिटीची. अर्थात आपणच दरिद्री आहोत असे नाही. जर्मन भाषाही दोन्हींसाठी ‘झिखरहाइट’ या एकाच शब्दावर भागवते. फ्रेंचमध्ये शब्द दोन आहेत, पण अणुऊर्जेच्या क्षेत्रात त्यांचे अर्थ चक्क अदलाबदल करतात.

कामगारांनी यावर तोडगा कधीच काढला आहे. हेल्मेट नसेल तर हटकतो तो ‘सेफ्टीवाला’, सुटताना गेटवर डबा उघडायला लावतो तो ‘सिक्युरिटीवाला’. भाषाशुद्धीवाल्यांनी नाक मुरडले तरी ही सोय मला पटते. हरकत आहे ती गुळगुळीत फलकांना. प्रेस मशीनवर ‘सुरक्षा प्रथम’ लिहून कोणाचे बोट वाचत नाही. ‘मशीन बंद केल्याशिवाय आत हात घालू नका’ असे ठळक मराठीत लिहावे. आमच्या सोसायटीच्या जिन्यावरील ‘आपत्कालीन निर्गमन’ही बदलून ‘आग लागल्यास इथून बाहेर पडा’ असे करायला हवे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे