‘गुडघे झिजतील’ म्हणून धावणे सोडावे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पन्नाशी जवळ आलेल्या माणसाने धावायला सुरुवात केली, की ‘गुडघ्याचे वंगण संपेल’ असे घरचे, शेजारचे आणि कधी कधी डॉक्टरही बजावतात. मी बारा वर्षे नियमित धावतो आहे आणि माझ्याबरोबर धावणारे कित्येक जण केवळ या धास्तीने घरी बसलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे पत्र.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर असलेले कूर्चेचे काही मिलिमीटर जाडीचे आवरण ही जिवंत ऊती आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि पाऊल टेकताना पडणारा व उचलताना सुटणारा दाब त्या द्रवाच्या ये-जा करण्याला हातभार लावतो. लांबवर धावून आल्यावर एमआरआयमध्ये कूर्चा किंचित पातळ दिसते खरी, पण ते दाबामुळे बाहेर गेलेले पाणी असते आणि विश्रांती घेतल्यावर काही तासांत ते भरून येते. याउलट, मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे ज्यांचे पाय लुळे पडले, त्यांच्या गुडघ्यातील कूर्चा काही महिन्यांतच पातळ होऊ लागल्याचे आढळले आहे. मेनिस्कसचा (गुडघ्याच्या हाडांमधल्या गादीसारख्या चकतीचा) काही भाग काढावा लागलेल्या रुग्णांनी चार महिने देखरेखीखाली व्यायाम केल्यावर त्यांच्या कूर्चेची गुणवत्ता सुधारल्याचे स्वीडनमधील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले. माझ्या मते, ‘झीज’ या शब्दाचा फेरविचार करायला एवढे पुरेसे आहे.

अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात गुडघा व खुब्याच्या झिजेच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, बैठी जीवनशैली असणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के आढळले. गुडघा दुखू लागलेला माणूस मुळातच धावणे सोडतो, त्यामुळे हे आकडे कार्यकारणाचा पक्का पुरावा ठरत नाहीत, हे मान्यच आहे. पण बेताने धावणाऱ्यांना भीती घालण्यास ते आधार देत नाहीत, एवढे निश्चित.

जपायला हवे ते निराळ्याच ठिकाणी. दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, कूर्चा मात्र फार सावकाश जुळवून घेते. शिवाय तिला चेतातंतू नसल्याने ती स्वतः दुखून वेळेवर इशाराही देत नाही. म्हणून स्पर्धा जवळ आली की एकदम अंतर वाढवणे मला सर्वांत घातक वाटते. लिगामेंट (हाडांना जोडणारे अस्थिबंध) किंवा मेनिस्कसची जुनी इजा असलेल्यांनी आणि धावल्यानंतर गुडघ्यावर सूज येणाऱ्यांनी तज्ज्ञांना दाखवूनच पुढे जावे.

डॉक्टर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, की ‘धावणे बंद करा’ असे सांगण्यापूर्वी त्यांनी समोरच्याला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात: सूज येते का, पूर्वी इजा झाली होती का आणि गेल्या दोन महिन्यांत अंतर किती वाढवले.

आपला नम्र,
एक नियमित धावणारा वाचक