टक्के छापलेत, आता पटही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या वाचन-गणिताच्या टक्केवारीचा तक्ता आपल्या अंकात आला होता. त्यात आमच्या वाडीची शाळा तळाला आहे. तक्ता खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात शाळेचं नाव आणि टक्का एवढंच आहे. मुलं किती, कोणाची, वर्गात कधी आली, शिकवायला माणसं किती, यातलं काहीच नाही. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. (समितीत निम्म्या बायका हव्यात असा कायदा आहे, म्हणून मला धरून नेलं होतं. आता बसलेच आहे तर बोलते.)

चौथीत पाच मुलं असली आणि त्यातल्या एकाला परीक्षेच्या दिवशी ताप भरला, की चौथीचे वीस टक्के गेले. शहरातल्या चाळीस मुलांच्या वर्गाला तसल्या तापाचा पत्ताही लागत नाही. दोन्ही आकडे एकाच रकान्यात एकाखाली एक छापले, की वाचणाऱ्याला वाटतं आमच्या बाई शिकवतच नाहीत.

आता ही मुलं कोण ते सांगते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा ४.८ टक्क्यांनी घटली, आणि हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. बाप्ये मुंबईला, हे आमच्याकडे जुनंच आहे. पण पूर्वी बायकापोरं गावात राहायची आणि शाळा भरायची. आता विरार-नालासोपाऱ्याला खोली झाली की पोरंही जातात. जी गावात उरतात त्यातली बरीचशी सकाळी गाडीत बसून बाजारपेठेतल्या इंग्रजी शाळेत जातात. माझ्या जावेची दोन्ही त्याच गाडीने जातात, आणि मी तिला दोष देत नाही. वाडीतल्या शाळेत राहतात ती, ज्यांचं मुंबईत कोणी नाही आणि ज्यांना गाडीचं भाडं परवडत नाही.

आणि दिवाळीनंतर येतात ती. आंब्याच्या बागा राखायला नेपाळची कुटुंबं येतात, चिरेखाणीवर कर्नाटकातली. बागायतदार नवराबायकोला सड्यावरच्या बागेत खोपटं देतो. त्यांची पोरं दिवसभर हुंदडत असतात, मग आमच्या बाई स्वतः जाऊन त्यांना शाळेत घेऊन येतात. कुठलाही दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवायचं नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. नेपाळच्या पोरांना देवनागरी थोडीफार येते, ती अक्षरं लावतात, पण लावलेल्या शब्दाचा अर्थ त्यांना कळत नाही. खाणीवरच्या कानडी पोरांना तर अक्षरापासून सुरुवात. यातल्या एका तिसरीतल्या मुलीने दोन महिन्यांत बेरीज-वजाबाकी धडाधड करून दाखवली आणि मराठीच्या उताऱ्यापाशी गप्प बसली. तक्त्यात ती ‘वाचन येत नाही’ या खात्यात गेली.

खरी मेख पुढे आहे. शिक्षक किती द्यायचे हे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतं, आणि त्या पटात आधार जुळलेली मुलंच धरली जातात. नेपाळच्या पोराकडे आधार कुठून येणार? शिवाय ती येतात नोव्हेंबरात. म्हणजे शिक्षक देताना ही मुलं नाहीत, आणि एप्रिलच्या चाचणीला मात्र हजर. जूनमध्ये आंबा संपला की ती गेलेली असतात, त्यांचा टक्का आमच्या शाळेच्या नावावर राहतो.

केंद्राच्या कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. आपल्या राज्याने १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय काढला, आणि वीसपर्यंतच्या पटाला नियमित शिक्षक एकच उरला. त्या एकाने चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराचा हिशेब लिहायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि मतदार याद्यांनाही फिरायचं. रेंज नसली की माहिती भरायला वरच्या रस्त्यावर जायचं. तेवढा वेळ चारही वर्ग चौथीतल्या मोठ्या मुलीच्या हवाली. त्यात घाटावरून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने आपल्या जिल्ह्यात परतले, की जागा लगेच भरेलच असं नाही.

दरवर्षी निकाल लागला की आपण पहिल्या पानावर ‘कोकण पुन्हा अव्वल’ छापता. २०२५ ला दहावीत कोकण मंडळ ९८.८२ टक्के, राज्य ९४.१०. आम्हालाही बरं वाटतं. पण हे राज्यातलं सर्वांत लहान मंडळ, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोनच जिल्हे, हे त्या बातमीत कधी ठळक येत नाही. तिथे लहानपण झाकायचं आणि आमच्या शाळेचं लहानपण दोष म्हणून दाखवायचं, हे मला पटत नाही. त्या दहावीतली कितीतरी पोरं अशाच दोन खोल्यांच्या शाळांतून पुढे गेलेली आहेत.

असे तक्ते आले की पुढची बातमी ठरलेली, कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळेत विलीन करा. आमच्यापासून जवळची शाळा व्हाळापलीकडे आहे. श्रावणात पाणी साकवावरून जातं. पहिलीतलं पोर तिथून कोण पाठवणार? आणि बागेतली पोरं तर तिथवर पोचणारच नाहीत, कारण त्यांना हाताला धरून नेणाऱ्या बाई या शाळेतल्या आहेत.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढचा तक्ता छापाल तेव्हा टक्क्याशेजारी चार रकाने वाढवा: चाचणीला बसलेली मुलं किती, त्यातली जूननंतर दाखल झालेली किती, घरात मराठी न बोलणारी किती, आणि वर्षभर प्रत्यक्ष शिकवणारे शिक्षक किती. ही माहिती प्रत्येक शाळेच्या दप्तरात असते, मुद्दाम शोधावी लागत नाही. आणि जिल्हा परिषदेकडे आपलं वजन आहे, तर बागा आणि खाणी असलेल्या तालुक्यांत जानेवारीत पटाची दुसरी मोजणी करा, आधार असो वा नसो, वर्गात बसलेलं मूल मोजा, हे एकदा अग्रलेखातून मांडा. आमचे अर्ज गेलेले आहेत, त्यांना पोच मिळाली, उत्तर नाही.

आपली,
एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
ता. राजापूर, जि. रत्नागिरी