आई, बाबा, क्लासबद्दल जरा सविस्तर

पुणे, ९ जानेवारी २०२२

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर माझा आवाज चढला. आई, तू "बरं, ठेवते" म्हणून फोन ठेवलास आणि कालपासून नुसते फुलांचे गुड मॉर्निंग येतायत, त्यावरूनच कळलं मला तुला किती लागलंय ते. परत फोन केला तर परत तेच होईल, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, मध्ये थांबून वाद घालायचा असेल तर घाला पण शेवटपर्यंत वाचा.

कोरोना परत वाढतोय म्हणून "तो क्लास बंद कर म्हणजे कर" असं मी म्हणाले ते चुकलंच. तुझ्यासाठी योगा क्लास म्हणजे काय आहे ते मी २५ डिसेंबरला डोळ्यांनी बघितलंय. गुडघ्यांसाठी म्हणून सुरू केलंस, पण सहा वाजता उठून, स्वेटरवर शाल गुंडाळून, शेजारच्या काकूंना हाक मारत जिना उतरतेस तेव्हा तुझा चेहराच वेगळा असतो, आणि मग क्लासनंतर टपरीवर आल्याचा चहा, पाच-सहा जणी, तासभर गप्पा. २०२० चे ते सगळे महिने तू खिडकीत बसून रस्ता बघत काढलेस, ते परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. बाबांचंही तसंच, अडुसष्टाव्या वर्षी हार्मोनियम घेऊन बसले आणि आता अख्खं भजन गाऊन-वाजवून मला रेकॉर्डिंग पाठवतात, मी ऑफिसला जाताना ऐकते. तेव्हा घरी बसा असं मी म्हणणारच नाहीये. मला बोलायचंय ते तुमचे दोघांचे क्लास भरतात त्या दोन खोल्यांबद्दल.

त्या दिवशी मी तुझ्याबरोबर क्लासला आले तेव्हा चटईशेजारी एक पांढरी डबी ठेवली होती, तू विचारलंस घड्याळ आहे का. ते कार्बन डायऑक्साइड मोजायचं मीटर होतं, ऑफिसमधलं. आमचं कामच ते, एसीचं डक्टिंग करताना खोलीत माणसं किती बसणार आणि त्यांना बाहेरची फ्रेश एअर किती द्यायला लागेल ते काढायचं, त्यामुळे कुठेही गेले की माझं लक्ष आधी खिडक्यांकडे जातं. बाहेर गेटपाशी आकडा ४२० होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग हा वायू. साडेसहाला हॉलमध्ये ६५०. नाशिकची डिसेंबरची थंडी, सगळ्या खिडक्या बंद, दार पण कोणीतरी ओढून घेतलं, आत पंचवीस जणी. शवासन सुरू झालं तेव्हा २१५० झाला होता. हा वायू तेवढ्याने आजारी पाडत नाही, पण तो माणसांच्या श्वासातून येतो ना, म्हणून खोलीतली हवा बदलतेय की तीच ती फिरतेय हे त्यावरून कळतं. आपण सोडतो त्या श्वासात त्याचं प्रमाण साधारण ४०,००० असतं, म्हणजे हिशोब केला तर त्या वेळी तू घेत होतीस त्या हवेतला शंभरातला चार भाग आधी कोणाच्या तरी छातीतून जाऊन आलेला होता. तू डोळे मिटून शांत पडली होतीस आणि मी त्या आकड्याकडे बघत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. तुझ्या मैत्रिणींसमोर नको वाटलं, आणि तेव्हा केसेसही कमी होत्या, पण दोन आठवड्यात सगळं बदललंय ते तुम्ही पेपरात वाचताच आहात.

बाबा, तुम्ही म्हणालात आम्ही अंतर ठेवून बसतो, दारात टेंपरेचर बघतात, सॅनिटायझर आहे. मग एक सांगा, आई ठेच्यासाठी मिरच्या भाजते तेव्हा तुम्हाला पुढच्या खोलीत ठसका लागतो की नाही? तुम्ही तर गॅसपासून दोन मीटरपेक्षा कितीतरी लांब असता. ठसका कधी जातो, तर खिडकी उघडली, एक्झॉस्ट लावला की. कोरोनाचंही बरंचसं असंच आहे. शिंकताना-खोकताना उडणारे मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात पण बोलताना, गाताना, नुसता श्वास सोडताना जे बारीक कण निघतात ते हवेत तरंगत राहतात. केंद्र सरकारच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसने मे २०२१ मध्ये पत्रकच काढलं होतं की हे कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, एक्झॉस्ट वापरा. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट, आईचा हॉल तीस फुटी आहे. आणि ते टेंपरेचरचं, माणूस ताप यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागण देऊ शकतो, काहींना तर ताप येतच नाही, ते पिस्तूल कपाळाला लावून काय कळणार.

बाबांच्या क्लासची मला जास्त काळजी आहे हे स्पष्टच सांगते. बेसमेंटची खोली, वरच्यांना त्रास नको म्हणून काच कायम बंद, आणि स्प्लिट एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही हो बाबा, खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. पंखा पण तसाच, नुसता घुसळतो. त्यात दहा जण दीड तास मोकळ्या गळ्याने गाणार, म्हणजे साध्या श्वासापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एका गायनवृंदाची प्रॅक्टिस झाली होती, अडीच तास, ६१ माणसं, त्यातला एक जण आजारी होता. बाकीच्यांपैकी ५२ जणांना झाला आणि दोघं गेले. सॅनिटायझर तिथेही ठेवलेलं होतं.

आई, तुझ्या बाजूचंही सांगते, लपवणार नाही. कोरियात चोनान नावाच्या गावात फेब्रुवारी २०२० मध्ये झुंबाच्या क्लासेसमधून ११२ जणांना लागण झाली, पन्नास मिनिटांचे क्लास, एका खोलीत बावीसपर्यंत माणसं, धापा टाकत नाचणारी. पण त्यातल्याच एका ठिकाणी एक लागण झालेली बाई पिलाटेस आणि योगा शिकवत होती, तिच्या क्लासला सात-आठच जण असायचे, त्यातल्या कोणालाच काही झालं नाही. म्हणजे सावकाश श्वास, माणसं थोडी, याने फरक पडतो. पण तुमच्याकडे पंचवीस जणी आहेत, कपालभाती आहे, शेवटी मोठ्याने ओंकार आहे, आणि हा ओमिक्रॉन तेव्हाच्या विषाणूपेक्षा खूप वेगाने पसरतो.

माणसांच्या संख्येचं मी एकदा कागदावर मांडून बघितलं. समजा गावात सध्या शंभरात दोघांना लागण आहे, हा आकडा मी नुसता धरलाय. मग सहा जणी जमल्या तर त्यात एखादी तरी लागण झालेली असण्याची शक्यता शंभरात अकरा. पंचवीस जणी जमल्या की तीच शक्यता शंभरात चाळीस होते. "आमच्यातलं कोणीच आजारी नाहीये" असं तू म्हणालीस ते मनापासूनच म्हणालीस, पण ते त्या बायकांना स्वतःलाही माहीत नसणार गं.

नानाकाकांचं मला काढायचं नव्हतं. पण ती बैठकही अशीच होती ना, मार्चमधली, बंद खोली, दारात टेंपरेचर, सगळे ओळखीचे. तिथूनच आलं असं मी म्हणत नाही, ते कधीच कळणार नाही. मला आठवतं ते नंतरचं. बाबा, तुम्ही गाडीत मागे बसून त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर धरून होतात आणि मी इकडून एकेका हॉस्पिटलला फोन लावत होते, तुम्ही मध्ये मध्ये नुसता आकडा सांगायचात, ८८, मग ८६, मग बराच वेळ काहीच नाही, मग ८३. अजूनही ऑफिसच्या मीटरवरचा आकडा बदलताना दिसला की मला तुमचा तो आवाज ऐकू येतो. परवा मी ओरडले ते त्यामुळे.

हा माइल्ड आहे असं सगळे म्हणतायत, डेल्टापेक्षा सौम्य असेलही, पण बाबांची शुगर आणि तुझं बीपी धरून आपल्याला विचार करायचाय. दोन डोस झालेत म्हणून गंभीर होण्यापासून चांगलं संरक्षण आहे, पण लागण व्हायचीच नाही असं ओमिक्रॉनच्या बाबतीत राहिलेलं नाही. उद्यापासून साठीच्या पुढच्या, शुगर-बीपीवाल्यांना तिसरा डोस सुरू होतोय, दुसऱ्यानंतर नऊ महिने झालेले हवेत. तुमचा दोघांचा दुसरा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झालाय म्हणजे नऊ महिने भरलेत, डॉक्टरांचं सर्टिफिकेटही मागत नाहीयेत, तेव्हा याच आठवड्यात जाऊन या, सकाळी गर्दी व्हायच्या आत.

आता क्लासचं. आई, आपल्या सोसायटीची गच्ची पूर्वेला मोकळी आहे, साडेसातला तिथे छान ऊन येतं. योगाच्या बाईंना विचार ना, महिना-दीड महिना साडेसहाऐवजी पावणेआठला गच्चीवर घेतील का. थंडीचं म्हणशील तर चटईखाली सतरंजी घाल, सोलापुरी चादर घे. पंचवीस जणींना गच्ची पुरणार नाही, तर दोन बॅच करायच्या. अगदीच नाही जमलं तर तुम्ही चौघी-पाच जणी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चाला, तिथे गप्पाही होतील. गच्चीवर चटया लांब लांब टाका, तिथे मास्कची मी सक्ती करणार नाही, पण लिफ्टमध्ये, रिक्षात एन ९५च घालायचा, तो फुलाफुलांचा कापडी नको, त्याच्या कडेनेच सगळी हवा आत येते. आणि टपरीचा चहा बिनधास्त चालू दे, उघड्यावरच आहे ती.

बाबा, तुमच्या गुरुजींचंही वय सत्तरच्या पुढे आहे, त्यांच्यासाठी तरी तुम्हीच विषय काढा. व्हिडिओ कॉलवर पेटी शिकताना आवाज मागेपुढे होतो हे मला माहितीये, मजा नाही येत. पण त्यांच्या घराला ओटा आहे ना, आठवड्यातून एकदा तुम्ही एकटेच जाऊन ओट्यावर बसलात तर? एकट्याला शिकवणी मिळेल, ती मध्यमाची अडलेली जागाही सुटेल. फी दहा जणांची बुडते म्हणून त्यांना अवघड वाटेल, तर महिनाभर तुमची दुप्पट फी मी देते, त्यांना सांगू नका कोणी दिली ते.

केसेस उतरल्या, आठवडा-दोन आठवडे उतरतच राहिल्या की हॉलमध्ये परत जा, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि दार उघडं हवं, आणि कोणाला घसा खवखवतोय तर तिने त्या दिवशी घरी राहायचं, एवढं तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवा. संक्रांतीचं हळदीकुंकू या वर्षी पार्किंगमध्ये कर, चार खुर्च्या टाकून, वाण तिथेच दे.

मी शनिवारी येतेय. ऑफिसला रोज जाते म्हणून सकाळी निघताना टेस्ट किटवर तपासूनच निघेन, निगेटिव्ह आलं तरच येईन, आणि आले की आधी गच्चीवर बसू. मीटर आणतेय. हॉलच्या मागच्या बाजूची ती मोठी खिडकी रंग देताना चिकटून बसलीय, त्या दिवशी मी हळूच ढकलून बघितली होती, हलत नाही. चावी कोणाकडे असते ते आई विचारून ठेव, आणि बाबा, तुमचा जाड पटाशीसारखा स्क्रू ड्रायव्हर माळ्यावरून काढून ठेवा, दुपारी आपण दोघं जाऊन ती उघडू.

तिळगुळाचे लाडू थोडे मऊच कर.

तुमची,
मनू