दांडिया बाजारातील काकांस आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपण आमच्या छपाईच्या कार्यालयात येऊन सलग दोन संध्याकाळी जे कष्ट घेतलेत, त्याबद्दल तोंडी आभार मानून माझे समाधान झाले नाही. दोन संगणक आणि एकच माऊस-मॉनिटर वापरणारी आमच्यासारखी कार्यालये बडोद्यात आणखीही असतील. त्यांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आमच्या जुन्या संगणकावर पूर्वीचे देवनागरी फॉन्ट आहेत आणि नव्यावर युनिकोडचे काम चालते. टेबल एकच असल्यामुळे दोन्हींच्या मध्ये खुंटी फिरवायचा साधा स्विचबॉक्स बसवला होता. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे काम ऐन भरात असताना जुन्या संगणकावर माऊसचा बाण आपोआप कोपऱ्यात उडी मारू लागला, मेनू स्वतःहून उघडू लागले आणि जुळवलेला मजकूर जागेवरून सरकू लागला. नव्या संगणकावर चित्र १०२४ बाय ७६८ ठिपक्यांवर (पिक्सेलवर) अडकले होते. अक्षरे पसरट आणि धूसर दिसत, रेफ आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत. अशा पडद्यावर मुद्रितशोधन करणे म्हणजे चुका छापायला पाठवणेच होते. मी माऊस बदलला, ड्रायव्हर पुन्हा टाकले, आणि शेवटी नवा मॉनिटर घ्यायच्या विचारापर्यंत आले होते.

आपण मात्र आल्या आल्या कशालाही हात न लावता एकच प्रश्न विचारलात: "सकाळी संगणक सुरू करता तेव्हा खुंटी कोणत्या बाजूला असते?" ती नेहमी नव्या संगणकाकडे असे. सुरू होताना संगणक माऊसला माहिती पाठवण्याचे २००, १००, ८० (दर सेकंदाला इतक्या वेळा) असे तीन वेग लागोपाठ देऊन त्याची ओळख विचारतो आणि चाकाचा माऊस त्याला वेगळे उत्तर देतो, हे मला आपल्याकडून प्रथम कळले. आमच्या जुन्या संगणकाने विचारले तेव्हा त्याला कोणीच उत्तर देत नव्हते, म्हणून तो प्रत्येक हालचालीची माहिती तीन बाइटांत पाठवणारा, बिनचाकाचा साधा माऊस गृहीत धरून बसे. इकडे नव्या संगणकाने तोच माऊस चार बाइटांवर आणून ठेवलेला असे. खुंटी फिरवली की जुना संगणक चारांचा हिशेब तिनांत वाचू लागे, आणि बाण सैरावैरा धावे. ज्या स्विचमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असते तो संगणकाला माऊसच्या वतीने स्वतः उत्तर देतो, आमचा देत नाही, हेही आपण सांगितलेत. तरीही नवा स्विच घ्यायला लावला नाहीत. एका वेळी एकच संगणक, तोही खुंटी त्याच्याकडे ठेवून, पूर्ण सुरू होऊ द्यायचा, ही पद्धत आपण घालून दिलीत आणि त्या दिवसापासून बाण जागचा हललेला नाही.

मॉनिटरचे कोडे याने सुटले नाही, तेव्हा आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात. मॉनिटर त्याच्या स्वतःच्या केबलने थेट नव्या संगणकाला जोडल्यावर १९२० बाय १०८० लगेच मिळाले. तीच केबल स्विचमधून लावली तरीही मिळाले. मग राहिली ती मी बाजारातून आणलेली लांब केबल, पंधरा पिनांच्या व्हीजीए प्रकारची. तिचे टोक बॅटरीच्या उजेडात धरून आपण मला पिना मोजायला लावल्यात. नववी पिन नसणे नेहमीचे आहे, असे आपण म्हणालात. पण बारावी आणि पंधरावीच्या जागी नुसती भोके होती. मॉनिटर आपली माहिती, १२८ बाइटांची, याच दोन तारांवरून संगणकाला देतो. त्या नसल्या तर रंग दिसतात, चित्र दिसते, पण समोर कोणता पडदा आहे हे संगणकाला समजत नाही. ते टोक मी कितीदा हातात घेतले असेल, पण पिना मोजाव्यात हे मला सुचले नव्हते.

आपण प्रत्येक पायरी माझ्याच हातून करवून घेतलीत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलू दिलीत. आमच्या पीएस/टू (जुन्या गोल जोडणीच्या) माऊसचे टोक संगणक चालू असताना ओढायला निघाले, तेव्हा माझा हात धरून थांबवलेत, त्याबद्दलही मी ऋणी आहे.

स्मरणिकेची शेवटची प्रुफे काल मंडळाकडे गेली. आपली बॅटरी इथेच राहिली आहे. ती आणि पहिली छापील प्रत घेऊन मी घरी येईन. काकूंना सा. न.

आपली कृतज्ञ,
समोरच्या छापखान्यातील मुलगी