नाव न सांगता गेलेल्यांचे आभार
कोल्हापुरातील आमच्या चर्चच्या आवारात गेल्या रविवारी युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ उपासना सुरू असताना अवकाळी पाऊस आला, तेव्हा शेजारच्या तालमीतील मुलांनी धावत ताडपत्री आणली आणि सैनिक टाकळीच्या एका माजी सैनिकाने भिजलेल्या मेणबत्त्या रुमालाने एकेक पुसून पुन्हा लावल्या. नावे विचारण्याआधीच सारे निघून गेले, म्हणून हे जाहीर आभार.

पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पडलेल्या भारतीय शिपायांची तिथल्या बसरा शहराच्या स्मारकावर नावे नाहीत. अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, शिपायांची केवळ संख्या. हे मला अजून खटकते. मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, असे प्रभूने शिष्यांना सांगितले, तेव्हा हुद्दा विचारला नव्हता.

ताडपत्री वाळवून ठेवली आहे. कृपया घेऊन जावी.